ओठाला लागणारी माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात मातीकाम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. पेले, चमचे, बोंडली, ओठांचे साचे, तोंडाच्या आकाराची शिल्पं अशी तोंडाच्या सुखाशी, ओढीशी आणि आधाराशी नातं सांगणारी मातीची कामं करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मापं सगळी ओल्या मातीची आहेत. भाजल्यानंतरचं माप जिथे दिलंय तिथे तसं सांगितलंय.

तोंडाच्या सुखावरचं मातीकाम म्हणजे नेमकं काय?

माणसाला पहिला आधार तोंडातून मिळतो. आधी दूध, मग अंगठा, मग भरवलेला घास. पुढे गार पाणी, चहाचा घोट, विडा, मुका. या सगळ्याला मातीत आकार देणं हा या कामाचा विषय. कामाचे प्रकार दोनच: जे खरोखर ओठाला लागतं ते, आणि जे फक्त बघायचं असतं ते. तुमचं काम यांतलं कुठलं, हे माती मळायच्या आधी ठरवा. माती, झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर), तापमान, मांडणी, सगळं त्यावरून ठरतं. आमचं मत स्पष्ट आहे: काचेच्या पेटीत राहणार असलं तरी तोंडाविषयी बोलणाऱ्या कामाचा काठ ओठ लावण्याजोगा असला पाहिजे. बघणाऱ्याच्या डोळ्याआधी त्याच्या ओठांना ते कळतं.

हे सगळं बाहेरून आलेलं नाही का?

नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं बोंडलं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. उष्टावणाचा समारंभ आजही होतो. लग्नात नवरा-नवरी सगळ्यांसमोर एकमेकांना घास भरवतात. चिलीम तर कुंभाराच्याच हातची. कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला गरोदर सुदक्षिणेला माती खायचे डोहाळे लागतात आणि दिलीप राजा एकांतात तिच्या मातीच्या वासाच्या तोंडाचा वास घेत राहतो, तरी त्याची तृप्ती होत नाही. माती, तोंड आणि ओढ यांना इतक्या थोडक्यात एकत्र आणणारं दुसरं चित्र आम्हाला माहीत नाही.

बाहेरचीही उदाहरणं जुनी आहेत. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी मुखमैथुनासह अनेक कामक्रीडा दाखवणारी तोटीची भांडी घडवली. लिमा शहरातल्या लार्को संग्रहालयात त्यांचं वेगळं दालन आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांत सापडलेल्या चोचीच्या मातीच्या भांड्यांमध्ये गाई-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. कलाकार मेरेट ओपेनहाइम हिने १९३६ साली चिनी मातीचा कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्याने मढवला. ते बघताना जीभ आपोआप मागे सरते, आणि ओठ कपाशी किती विश्वासाने जातो ते तेव्हाच कळतं.

कृष्णाकाठची माती चालेल का?

बघायच्या कामाला चालेल. ओठाला लागणाऱ्या कामाला एकटी चालणार नाही. नदीकाठचा पोयटा चाकावर छान चढतो, पण तो ९०० ते १००० अंशांपर्यंतच भाजायचा. त्यापुढे वाकतो, फुगतो. त्या तापमानाला भांडं सच्छिद्र राहतं. शेतातली काळी माती तर नकोच. ती ओली झाली की फुगते, वाळताना इतकी आकसते की पेल्याचा काठ उभा चिरतो. पोयट्यात दहा टक्क्यांपर्यंत मिसळली तर लवचीकपणा येतो, त्याहून जास्त नको.

प्यायच्या भांड्यासाठी तयार स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला पिकून घट्ट होणारी) मागवा. ती मागवताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराच: किती अंशांना पिकते, एकूण किती आकसते, आणि पिकल्यावर पाणी किती टक्के शोषते. शोषण दोन टक्क्यांच्या आत हवं. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल तर तिथून पाच किलोच घ्या, आधी पट्ट्या भाजून मोजा. ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारायची, भाजल्यावर ती किती उरते ते बघायचं. ८.८ सेंमी उरली तर आकसणं १२ टक्के. खालची सगळी मापं या १२ टक्क्यांवर धरली आहेत.

स्थानिक मातीचा खरा उपयोग लेपासाठी, म्हणजे भांड्यावर लावायच्या पातळ रंगीत मातीसाठी आहे. जांभ्याच्या चुऱ्यात लोह भरपूर असतं. तो कुटून, भिजवून, १०० नंबरच्या चाळणीतून गाळला की ओठांच्या लालीला साजेसा विटकरी लेप मिळतो. मात्र चुरा घाटमाथ्यावर घराच्या पायासाठी निघालेला घ्या. कास पठारावरून मूठभरही उचलू नका. ते संरक्षित क्षेत्र आहे, आणि तिथला मातीचा थर आधीच बोटभर जाड.

भाजलेल्या पेल्याला दोन-चार दिवसांनी फोड येऊन टवके का उडतात?

चुनखडी. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूच्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. भट्टीत साधारण ८५० अंशांच्या पुढे त्या खड्याचा कळीचा चुना होतो. बाहेर काढल्यावर तो हवेतला ओलावा शोषतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. उडालेल्या जागी मध्यभागी पांढरा ठिपका दिसला की दुसरं कारण शोधू नका. ओठाला लागणाऱ्या कामात असा टवका म्हणजे सरळ जखम.

उपाय: माती पातळ गाऱ्यात कालवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळा. गाळलेल्या मातीतला बारीक चुना उपद्रव देत नाही, खडा देतो. तरी शंका असेल तर बिस्क (झिलईआधीची पहिली भाजणी) भाजलेली भांडी भट्टीतून काढल्याबरोबर पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा आणि झिलई लावण्याआधी आठवडाभर थांबा. ज्याला फुटायचंय तो तेवढ्यात फुटतो. प्लॅस्टरचा साचा वापरत असाल तर त्याचे कपचे मातीत पडले तरी हेच होतं, म्हणून साच्याजवळची खरवडलेली माती पुन्हा मुख्य ढिगात टाकू नये.

काठ कसा असावा? किती जाड?

या सगळ्या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

जिभेच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगवेगळे कळतात. ओठही फार मागे नाही. बोटाला गुळगुळीत वाटलेला काठ ओठाला खरखरीत लागतो, त्यामुळे काठ बोटाने तपासणं निरुपयोगी. बिस्क झाल्यावर स्वतःच्या खालच्या ओठावरून काठ एकदा सावकाश फिरवा. जिथे ओठ अडकतो तिथे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा. कोरडं घासू नका, मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते.

चाकावर भिंत वर घेताना सगळ्यात वरचे ५ मिमी थोडे जाड सोडा. भिंत ४ मिमी असेल तर काठाची जागा ५ मिमी. मग ओल्या मऊ कातड्याची बोटभर पट्टी काठावर इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडायची, चाक हळू ठेवायचं आणि चिमटीत जवळजवळ जोर न लावता दोन-तीन फेरे द्यायचे. भाजल्यावर काठ ४ मिमीच्या आसपास येतो आणि आतली-बाहेरची दोन्ही कडा गोल होतात. कातडं नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी चालते. कापड नको, विणीचे ओरखडे राहतात.

आता काठाचा बाक. किंचित बाहेर झुकलेला काठ खालच्या ओठावर टेकतो, घोट लवकर आणि भरपूर येतो. ताक, पन्हं, गार पाणी यांना तो बरा. आत वळलेला काठ वास धरून ठेवतो, पण प्यायला मान मागे टाकावी लागते. सरळ काठ चहाला. दीड मिमीचा पातळ काठ पाण्याला फार सुंदर लागतो, मात्र चहाला तोच ओठ पोळतो आणि धुताना उडतो. पाच मिमीच्या पुढे गेलात तर ओठ मिटत नाहीत, घोट कडेने ओघळतो. आधाराची, उबेची भावना हवी असेल तर साडेतीन मिमीचा पूर्ण गोल काठ घ्या. लहान मूल जसं कपाचा काठ ओठांत धरून बसतं तसं मोठ्या माणसालाही धरावंसं वाटतं. ओढ, हुरहूर दाखवायची असेल तर काठ एका जागी पातळ करत न्या. ओठ ती जागा शोधत फिरतो, ती सापडली की तिथेच थांबतो. हे फिरणं डोळ्याला दिसेलच असं नाही, ओठाला मात्र चुकत नाही.

२०० मिलीच्या पेल्याला साडेतीनशे ग्रॅम माती घ्या; ओला पेला साडेनऊ सेंमी उंच आणि ८.२ सेंमी रुंद ठेवला की भाजल्यावर ८.४ आणि ७.२ मिळतात. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत काठ तासाभरात पांढरा पडतो आणि बूड ओलं राहतं, मग काठाला तडा जातो. काठावर ओल्या वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, अर्धवट सुकल्यावर पेला उपडा करा. साताऱ्याच्या पावसाळ्यात अडचण उलटी असते: आठवडा झाला तरी वाळत नाही. गालाला लावून गार लागला तर अजून ओल आहे, भट्टीत घालू नका.

बोंडलं करायचंय. चोच तुंबते किंवा गळते.

चोचीचं भोक ओल्या मातीत ६ मिमी ठेवा. आकसून ५.३ होतं, झिलईच्या थराने आणखी कमी होऊन साडेचारच्या आसपास उरतं. चार मिमीने सुरुवात केलीत तर झिलई तुंबणारच. झिलई लावल्यावर लगेच चोचीतून जोरात फुंका. चोचीचं टोक आतल्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर भांडं भरतानाच सांडेल. टोकाची खालची कड किंचित धारदार ठेवली तर थेंब तुटतो. गोल ठेवली तर दूध चोचीखालून ओघळत येतं. इथे अडचण अशी की ओठाला गोल कड हवी आणि थेंबाला धारदार. वरचा अर्धा भाग गोल, खालची कड धारेची, हा मधला मार्ग.

मात्र असं बोंडलं खऱ्या बाळाला देऊ नका. अरुंद चोच आतून नीट घासता येत नाही, आणि दुधाचा कण राहिला की जंतू वाढतात. हे मोठ्यांनी हातात घ्यायचं, पाणी प्यायचं काम आहे.

खऱ्या ओठांचा साचा कसा घ्यायचा?

प्लॅस्टर ऑफ पॅरिस थेट ओठांवर कधीही लावू नका. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, कातडी भाजते. दातांचे डॉक्टर वापरतात ते अल्जिनेट घ्या. मिरजेत दवाखान्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. ओठ आणि हनुवटीला ५० ग्रॅम पावडर, ११० ते १२० मिली पाणी. पाणी गार असेल तर हाताळायला वेळ जास्त मिळतो. मिशीला, ओठांवरच्या लवेला व्हॅसलीन लावा. माणसाला बसवा, नाक पूर्ण मोकळं ठेवा, सर्दी असेल त्या दिवशी साचा घेऊ नका. दोन ते तीन मिनिटांत ते रबरासारखं होतं. माणसाला गालांतल्या गालांत हसायला सांगा, ते आपोआप सुटतं.

अल्जिनेट वाळलं की आकसतं, म्हणून पंधरा मिनिटांच्या आत त्यात प्लॅस्टर ओता: १ किलो प्लॅस्टरला ७०० मिली पाणी. पावडर पाण्यात भुरभुरा, दोन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. हे झाले प्लॅस्टरचे ओठ. त्यावर साबणाच्या पाण्याचे तीन हात देऊन दुसरं प्लॅस्टर ओतलं की माती दाबायचा साचा मिळतो.

साच्यातून निघालेले ओठ भाजल्यावर १२ टक्क्यांनी लहान होतात. ५० मिमी रुंद ओठ ४४ मिमीचे होतात आणि बघणाऱ्याला ते लहान मुलाचे वाटतात. विषय प्रौढांच्या ओढीचा असेल तर हे अजिबात चालणार नाही. कॅलिपरने मापं घेऊन हाताने मोठे ओठ घडवा: प्रत्येक माप भागिले ०.८८, म्हणजे ५० चे ५७. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही. ओठांवरच्या उभ्या रेषा जाड झिलईत बुजतात. तिथे लेप लावून ओल्या स्पंजने पुसा, रेषांत रंग राहतो. वर पारदर्शक झिलई पातळ.

ज्याचा साचा घेताय त्याची लेखी संमती घ्या, वय अठराच्या वर असल्याची खात्री करा, आणि काम कुठे मांडणार, विकणार का, हे त्या कागदात लिहा. मित्र असला तरी.

ओठाला लागणाऱ्या कामाला कोणती झिलई?

१२६० ते १२८० अंशांना पिकणाऱ्या मातीसाठी जुनी, भरवशाची पारदर्शक झिलई: वजनाने फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चिनी माती १०. ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळायची, पातळ सायीइतकी ठेवायची, तीन सेकंद बुडवायचं. ही झिलई १२२० ला नीट वितळत नाही; मळकट, कोरडी राहते. तुमची भट्टी १२२० च्या पुढे जात नसेल तर बोरॉनच्या फ्रिटची (आधी वितळवून दळलेल्या काचेची) तयार पारदर्शक झिलई घ्या आणि ती शिसेविरहित असल्याचं लेखी मागा.

आतून आणि काठापासून खाली दोन सेंमी बाहेरून फक्त ही साधी, चकचकीत झिलई. शिसं, कॅडमियम, बेरियम, मँगनीज असलेलं काहीही तिथे नको. तांब्याचा हिरवाही नको, तो लिंबाच्या रसात उतरू शकतो. गुलाबी छटेसाठी क्रोम-टिनचं स्टेन (तयार रंगद्रव्य) वापरतात. त्याला झिलईत भरपूर कॅल्शियम लागतं. जस्त असेल तर गुलाबी मरून तपकिरी होतो. पुष्कळांचा गुलाबी इथेच फसतो आणि दोष भट्टीला दिला जातो.

काठावरून झिलईचे पापुद्रे सुटत असतील तर ते भांडं लगेच बाद करा. झिलई मातीपेक्षा कमी आकसली की काठावर दाब येऊन धारदार पापुद्रे सुटतात, आणि ते थेट तोंडात जातात. चमकून दिसणाऱ्या बारीक तड्यांचं कारण याच्या उलट असतं: झिलई जास्त आकसते. क्वार्ट्झ थोडं वाढवल्याने तडे कमी होतात, पापुद्रे मात्र वाढतात. म्हणून बदल दोन-दोन टक्क्यांनीच.

झिलई सुरक्षित आहे हे घरी कसं कळेल?

हळद आपल्याकडे आहेच, तिचा उपयोग करा. चमचाभर हळद गरम तेलात कालवून पेल्याला आतून फासा, रात्रभर ठेवा, साबणाने धुवा. पिवळ्या रेघांचं जाळं उमटलं तर झिलईला तडे आहेत, तिथे अन्न मुरणार. दुसरी चाचणी: लिंबाची फोड झिलईवर उपडी ठेवा, २४ तासांनी त्या जागेचा रंग किंवा चमक बदलली असेल तर झिलई कच्ची. तिसरी: पेला तासभर फ्रीजरमध्ये, मग रिकाम्या बेसिनमध्ये ठेवून उकळतं पाणी. तीनदा केल्यावरही आवाज खणखणीत हवा. यातल्या कुठल्याही चाचणीने शिसं कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच, तिथे ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल २४ तास भरून ठेवून किती धातू उतरला ते मोजतात. विकणार असाल तर हा खर्च टाळू नका.

बिनझिलईचा काठ ठेवला तर?

सच्छिद्र माती ओठातला ओलावा ओढते, ओठ चिकटतो. कुल्हडाला ओठ किंचित धरला जातो तो यामुळेच. उघड्या मातीचा स्पर्श हवा असेल तर पूर्ण पिकलेल्या स्टोनवेअरचा काठ उघडा ठेवा आणि ओलसर असतानाच चमच्याच्या पाठीने घोटा. कच्च्या भाजणीचं भांडं एकदाच वापरायचं. धुऊन पुन्हा वापरायचं म्हटलं तर आतला ओलावा सुकत नाही, आठवड्यात वास येतो.

भट्टी कशी चालवायची?

बिस्क: १०० अंशांवर दोन तास थांबा, मग ताशी १०० ने ६०० पर्यंत, पुढे ताशी १५० ने ९८० पर्यंत. ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथे घाई केली की जाड शिल्पं चिरतात. झिलईच्या भट्टीत ताशी १५० आणि शेवटी पंधरा मिनिटं थांबा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं बुजायला ही पंधरा मिनिटं लागतात. १०० च्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नये. गावाकडे वीज जाण्याची वेळ आधी बघून ठेवा. चढताना तासभर गेली तर फारसं बिघडत नाही, शेवटच्या शंभर अंशांत गेली तर झिलई मळकट होते. ती भट्टी पुन्हा लावता येते.

कुंभाराच्या आव्यात काम भाजून घ्यायचं असेल तर त्यांचा हंगाम सांभाळा. बेंदराआधी बैल, मग गणपती, नवरात्राचे घट, संक्रांतीची सुगडं. फेब्रुवारी-मार्च बरा. माठांची गर्दी असते, पण छोटी कामं मध्ये बसतात.

प्रदर्शनात लोकांनी ओठ लावावा असं वाटतं, पण कुणी लावत नाही.

उष्ट्याची अडचण आहे, ती मान्य करूनच मांडणी करा. आपल्याकडे पितळेचं भांडं घासलं की शुद्ध, मातीचं उष्टं झालं की टाकायचं. ही समजूत सच्छिद्र मातीमुळे पडली असणार आणि त्यात तथ्य आहे. पेले झाकून ठेवा, प्रत्येकाला वेगळा द्या, वापरलेला समोरच्याच टोपलीत गेलेला दिसू द्या. नंतर साबणाने धुवून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात. पेल्यात काहीतरी द्या: वाळ्याचं पाणी, ताक, दुधात विरघळवलेला कंदी पेढा. रिकाम्या पेल्याला ओठ लावायला मोठा माणूस लाजतो.

अश्लील म्हणून कुणी तक्रार केली तर?

१ जुलै २०२४ पासून अश्लील साहित्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू आहे. आधीचं भारतीय दंड विधानातलं २९२ तेच. कलेच्या हितासाठी असलेल्या कामाला त्यात अपवाद आहे. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण काम आणि आजच्या समाजाचे निकष बघायला सांगितलं. अपवाद आहे म्हणून कुणीही दाराशी येणार नाही असं नाही. उघड कामक्रीडेची कामं वेगळ्या खोलीत, दारावर अठरा वर्षांवरील असा फलक, आणि प्रत्येक कामाशेजारी चार ओळींची माहिती, हे किमान करा. लहान मुलांना असं साहित्य दाखवणं किंवा विकणं हा कलम २९५ खाली वेगळा गुन्हा आहे. सभागृहाच्या व्यवस्थापनाला छायाचित्रं आधी दाखवून लेखी होकार घ्या. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर वाद होण्यापेक्षा ते बरं.

तोंडात धरायचे लहान तुकडे केले तर चालतील का?

गिळता येईल असं काहीही करू नका. कुठल्याही दिशेने ५ सेंमीपेक्षा लहान नको, आणि ओठांच्या बाहेर राहणारी रुंद चकती जोडूनच घडवा. वेगळी घडवून चिकटवलेली तुटते. झिलई दातांच्या वरच्या थरापेक्षा कठीण असते, म्हणून चावलं तर दाताचा टवका उडतो, मातीचा नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये. वापराआधी प्रत्येक वेळी नखाने टिचकी मारा: आवाज बद्द आला तर आत तडा आहे, तो तुकडा फोडून टाका.